बागेतली फुलं येतात कुठून, आणि त्यांचं बी पुन्हा तशीच फुलं का देत नाही?

जास्वंद उष्ण प्रदेशांत जिथे तिथे कुंपणाला फुललेली दिसते, पण तिचं मूळ रान मात्र कुणाला दाखवता येत नाही. माणसाने लावल्याशिवाय, आपली आपण वाढलेली अशी ही जात जंगलात सापडलेली नाही. फार पूर्वी नातलग जातींच्या संकरातून ती तयार झाली असावी आणि मग माणसाच्या मागे मागे देशोदेशी गेली असावी, असं अभ्यासक मानतात.

बागेतल्या फुलांत जास्वंद काही एकटी नाही. पिटुनिया, आजचा गुलाब, मोठ्या फुलांचा डेलिया, जर्बेरा, बऱ्याचशा बोगनवेली, यांतलं एकही झाड जसंच्या तसं निसर्गात मिळत नाही. त्यांचे आजी-आजोबा मिळतात, पण हे त्यांचं नातवंड आहे यावर पटकन विश्वास बसत नाही. मेक्सिकोच्या डोंगरातल्या रानटी डेलियाला मध्ये पिवळी चकती आणि भोवती आठेक पाकळ्या असतात, बस. 1789 च्या सुमाराला त्याचं बी माद्रिदच्या वनस्पती उद्यानात पोचलं, आणि त्यानंतरच्या शे-सव्वाशे वर्षांत त्यातून बशीएवढी, चेंडूसारखी, निवडुंगाच्या काट्यांसारख्या पाकळ्यांची फुलं निघाली.

हे सगळं समजून घेताना एक गोष्ट धरून ठेवली तर बाकीचं आपोआप उलगडतं. आपल्याला फुलात जे जे आवडतं, म्हणजे भरगच्च पाकळ्या, वर्षभर बहर, बी न धरता टिकून राहणारी फुलं, त्यातलं बरंचसं झाडाच्या दृष्टीने बिघाड आहे. झाड फुलतं ते बी धरण्यासाठी. बागवान नेमकी त्याच कामात अडचण आलेली झाडं निवडून जपत आला आहे.

संकर दोन तऱ्हांचा

बियांच्या पाकिटावर ‘संकरित’ असं छापलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ दोनपैकी एक असू शकतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली तऱ्हा म्हणजे दोन वेगळ्या जातींचा संकर. फुलांतही नर आणि मादी भाग असतात, पराग पोचल्याशिवाय बी धरत नाही, हे जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या रुडॉल्फ कॅमेरारियसने 1694 साली प्रयोगांतून मांडलं. त्यानंतर वीसेक वर्षांनी लंडनच्या हॉक्स्टन भागात रोपवाटिका चालवणाऱ्या टॉमस फेअरचाइल्डने कार्नेशन आणि स्वीट विल्यम या दोन जातींचा हाताने संकर घडवला. आलेलं झाड दोघांच्या मधलं होतं आणि त्याला बी धरत नव्हतं, म्हणून लोक त्याला ‘फेअरचाइल्डचं खेचर’ म्हणू लागले. 1729 साली तो वारला तेव्हा सृष्टीतल्या ईश्वरी करामतीवर दरवर्षी चर्चमध्ये प्रवचन व्हावं म्हणून त्याने 25 पौंड ठेवले होते. देवाच्या कामात लुडबूड केल्याची टोचणी त्याला लागली होती, असं हौसेने सांगितलं जातं. मला ती मागाहून चढवलेली झालर वाटते.

खेचराला पिलं होत नाहीत त्याचं कारण आणि या झाडाला बी धरत नाही त्याचं कारण एकच. पराग किंवा बीजांड तयार होताना आईकडून आणि बापाकडून आलेली गुणसूत्रं एकमेकांशेजारी येऊन जोडी लावतात आणि मग अर्धी अर्धी वाटली जातात. दोन्ही जाती पुरेशा दूरच्या असल्या तर एका सदऱ्याची बटणं दुसऱ्या सदऱ्याच्या काजांत बसवायला घेतल्यासारखं होतं. जोड्या नीट लागत नाहीत, वाटणी फिसकटते आणि पराग फोल निघतो. झाड स्वतः मात्र ठणठणीत वाढतं, फुलतंही.

यातून निसर्गाने काढलेली एक वाटही आहे. लंडनच्या क्यू उद्यानात 1900 च्या आसपास प्रिम्युला या फुलझाडाच्या रोपांत एक अनाहूत रोप सापडलं. हिमालयातली एक जात आणि अरबस्तानाकडची एक जात, या दोघींचा तो काचघरात आपसूक झालेला संकर होता. फुलं सुरेख, पण बी नाही. फांद्या-मुळं तोडून वाढवता वाढवता काही वर्षांनी एका झाडाला अचानक बी धरलं. पुढे तपासलं तेव्हा कळलं की मूळ संकरात 18 गुणसूत्रं होती आणि बी देणाऱ्या झाडात 36. पेशी विभागताना कुठे तरी सगळा संच दुप्पट झाला होता, त्यामुळे प्रत्येक गुणसूत्राला आपला जुळा जोडीदार मिळाला. प्रिम्युला क्यूएन्सिस या नावाने हे झाड वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसलं. 1937 पासून कोल्चिसिन हे द्रव्य वापरून गुणसूत्रं मुद्दाम दुप्पट करता येऊ लागली, आणि मोठ्या, जाड पाकळ्यांची कितीतरी फुलं त्या वाटेने आली.

दुसरी तऱ्हा पाकिटावरच्या ‘एफ-1’ची. इथे जाती दोन असतीलच असं नाही. एकाच फुलझाडाच्या दोन ओळी, म्हणजे दोन वंश, कित्येक पिढ्या स्वतःशीच फळवून अगदी एकसारख्या करायच्या, मग त्या दोन ओळींचा संकर करायचा. त्यातून येणारी पहिली पिढी म्हणजे एफ-1. तिची सगळी रोपं एका उंचीची, एका रंगाची, एकाच वेळी फुलणारी आणि बहुधा आईबापांपेक्षा जोमदार असतात. वाफ्यात सरळ रांग हवी असेल तर याला तोड नाही.

हे बी महाग का असतं, ते पिटुनियाच्या एका कळीवर पाहू. कळी उमलायच्या आदल्या दिवशी ती लांबट, घट्ट मिटलेली असते. तिला बाजूने हलकी चीर द्यायची. आत पाच पुंकेसर दिसतात, त्यांचे परागकोश अजून फुटलेले नसतात. बारीक चिमट्याने पाचही काढून टाकायचे, एकही राहता कामा नये. मधोमध उरते ती स्त्रीकेसराची दांडी आणि तिच्या टोकावरची हिरवट, चिकट कुक्षी. दुसऱ्या ओळीच्या उमललेल्या फुलातला पुंकेसर चिमट्यात धरून तो त्या कुक्षीवर टेकवायचा, पराग लागलेला डोळ्यांना दिसतो. मग देठाला चिठ्ठी बांधायची आणि पुढच्या कळीकडे वळायचं. सुमारे महिनाभराने बोंड तपकिरी होतं आणि त्यातून खसखशीहून बारीक बी मिळतं. एका बोंडात शंभराच्या वर दाणे असतात म्हणून हा खटाटोप परवडतो. ज्या फुलांत एका संकरातून चार-दोनच बिया मिळतात, तिथे हे गणित कोसळतं.

आता या एफ-1 झाडांचं बी धरून पेरलं तर? इथेच बहुतेकांची निराशा होते. समजा, दोन ओळींत दहा गुणांच्या जनुकांचा फरक होता. एफ-1 रोपात त्या दहाही जागी एक जनुक आईचं आणि एक बापाचं. पुढच्या पिढीत प्रत्येक जागी पुन्हा तसंच मिश्रण येण्याची शक्यता निम्मी. दहाही जागी एकदम जमण्याची शक्यता, ही दहा जनुकं एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाटली जात असतील तर, 1,024 मध्ये एक. म्हणजे बी खराब नव्हतं, माती खराब नव्हती, पत्ते पुन्हा पिसले गेले एवढंच. गंमत अशी की हा हिशोब जगाला शिकवणाऱ्या मेंडेलने 1866 च्या आपल्या निबंधाची सुरुवातच शोभेच्या झाडांपासून केली आहे. फुलांचे नवे रंग मिळवण्यासाठी संकर करताना तीच रूपं पुन्हा पुन्हा नेमाने येतात, हे लक्षात आल्यावर तो वाटाण्याकडे वळला.

गुलाबाला वर्षभर फुलवणारा बिघाड

युरोपातले जुने गुलाब वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडाला फुलायचे. शरद ऋतूत दुसरा, तोही लहानसा बहर देणारा दमास्क गुलाब हा त्यातला मोठा अपवाद. चीनच्या बागांत मात्र शतकानुशतकं निवडून वाढवलेले गुलाब होते, आणि ते महिनोन्महिने फुलत राहायचे. अठराव्या शतकाच्या शेवटी ते जहाजांतून युरोपात पोचले. ‘पार्सन्स पिंक चायना’ हा त्यातला गाजलेला. तो इंग्लंडमध्ये 1793 च्या सुमाराला होता.

आता वाटेल की दोन्हींचा संकर केला की झालं. पण पहिल्या संकराची रोपं पुन्हा वर्षातून एकदाच फुलणारी निघायची. कारण आज जनुकांच्या पातळीवर कळलं आहे. रानगुलाबात फुलण्याला लगाम घालणारं एक जनुक असतं. ते चालू असेपर्यंत नव्या फांद्या फक्त पानं देतात. चिनी गुलाबात एक भटका डीएनएचा तुकडा नेमका त्या जनुकात घुसून बसला आणि लगाम तुटला. आता फुटेल त्या फांदीच्या टोकाला कळी. पण एका बाजूने तुटका आणि दुसऱ्या बाजूने धड लगाम मिळाला, तर धड असलेला आपलं काम करतोच. दोन्ही बाजूंनी तुटका मिळाला तरच सततचा बहर. म्हणून पहिल्या पिढीवर हिरमुसून न जाता ती रोपं आपसांत किंवा पुन्हा चिनी गुलाबाशी फळवणाऱ्यांना यश आलं. त्या मंडळींना यातलं जनुक-बिनुक काहीच ठाऊक नव्हतं. त्यांची चिकाटी मला फुलांहूनही मोठी वाटते.

फ्रान्समधल्या लियोंच्या गियो या रोपवाटिकावाल्याचा ‘ला फ्रान्स’ हा 1867 चा गुलाब आधुनिक गुलाबांचा पहिला मानतात. लांब देठ, टोकदार कळी आणि वारंवार बहर हे सगळं त्यात एकत्र आलं. पण गर्द पिवळा रंग अजून नव्हता. तो पर्ने-दुशे या लियोंच्याच गुलाबवाल्याने पर्शियाकडच्या एका पिवळ्या गुलाबातून आणला आणि 1900 साली ‘सोलेय दोर’ बाजारात आला. त्याबरोबर पानांवर काळे ठिपके पडण्याच्या रोगाला बळी पडण्याची खोडही आली, असं गुलाबवाले आजही हळहळत सांगतात. एक गुण उचलायला जावं तर त्याच्याशेजारचे चार अवगुण पदरात पडतात, आणि मग ते झाडून काढण्यात पुढच्या पिढ्या जातात.

असा बिघाड कधी संकराशिवायही होतो. ‘डॉक्टर व्हॅन फ्लीट’ नावाच्या वेलगुलाबाला वर्षातून एकदा बहर यायचा. त्याचंच एक झाड अचानक पुन्हा पुन्हा फुलू लागलं. ‘न्यू डॉन’ नावाने त्याला 1931 साली अमेरिकेतलं वनस्पतींचं पहिलं पेटंट मिळालं.

पाकळ्या वाढतात त्या कुठून?

डबल जास्वंद हातात घेऊन एक एक पाकळी उलगडून पाहा. आतल्या पाकळ्या अरुंद, वेड्यावाकड्या असतात, आणि एखादीच्या कडेला पिवळा परागकोश चिकटलेला सापडतो. ती पाकळी म्हणजे पाकळी होता होता अर्ध्यावर थांबलेला पुंकेसर आहे. फुलाच्या आतल्या भागात ‘इथे पुंकेसर आणि स्त्रीकेसर करा’ असा हुकूम देणारी जनुकं असतात. ती ढिली पडली की तिथेही पाकळ्याच येऊ लागतात. गुलाब, कार्नेशन, डबल पिटुनिया, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. झेंडू, शेवंती आणि डेलिया यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे एक फूल म्हणजे शेकडो फुलांचा गुच्छ असतो. मधल्या चकतीतली नळीसारखी बारकी फुलं कडेच्या फुलांसारखी पसरट झाली की भरगच्च गोंडा तयार होतो.

मधमाशीला मात्र यात काही मिळत नाही. पराग पाकळ्यांत खर्ची पडलेला असतो आणि मधापर्यंतची वाट पाकळ्यांच्या गर्दीने बुजलेली असते. माश्या-फुलपाखरं हवी असतील तर एकेरी फुलांचे वाण लावावेत, हा सल्ला काही भाबडेपणाचा नाही.

बी न धरण्याचा फायदा झेंडूत सरळ दिसतो. ‘आफ्रिकन’ आणि ‘फ्रेंच’ अशा नावांनी विकले जाणारे दोन्ही झेंडू मुळात मेक्सिकोकडचे. पहिल्यात 24 गुणसूत्रं, दुसऱ्यात 48. त्यांच्या संकरात 36 येतात, आणि बारा-बाराच्या तीन संचांची वाटणी सरळ होत नसल्याने बी धरत नाही. बी पोसण्याचा भार नाही, म्हणून झाड फुलतच राहतं. आपण सुकलेली फुलं खुडतो तेव्हा साध्या झाडावर तोच परिणाम हाताने घडवत असतो.

बोगनवेलीत आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानं आहेत. खरी फुलं आत असतात, तीन, पांढरट, पेनाच्या टोकाएवढी. 1767 साली फ्रेंच निसर्गतज्ज्ञ फिलिबेर कोमेर्सों याने ती ब्राझीलमध्ये टिपली, आणि त्याच्याबरोबर पुरुषाच्या वेषात प्रवास करणारी जान बारे ही गोळा करायच्या कामात होती. आजच्या अनेक वाणांची आई मात्र कोलंबियातल्या कार्ताहेना इथे 1910 साली सापडलेली ‘मिसेस बट’ ही किरमिजी वेल. ती ब्राझीलकडच्या आणि पेरूकडच्या जातींचा संकर आहे. तिच्या वंशाला बी जवळपास धरतच नाही, म्हणून सगळा प्रसार फांद्या लावून किंवा गुटी बांधून. नवे रंग येतात ते बहुधा एखादी फांदी अचानक वेगळ्या रंगाची निघते त्यातून. तेवढीच फांदी कापून लावली की नवा वाण. अशी फांदी कधी पुन्हा जुन्या रंगावरही जाते, तेव्हा ती मुळातून छाटलेली बरी.

रंगांच्या सीमा

गुलाबात हजारो छटा आहेत, पण निळा नाही. पाकळ्यांना निळसरपणा देणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य बनवायची सोयच गुलाबात नाही, त्यामुळे गुलाबाचा गुलाबाशी कितीही संकर केला तरी ते उगवणार कुठून? जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्सीचं जनुक गुलाबात घातलं आणि 2009 साली ‘अप्लॉज’ नावाने तो विकायला काढला. निळा म्हणण्यापेक्षा फिकट जांभळा म्हणावा असाच तो आहे. हा संकर नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. संकरात दोन झाडांचा पराग-बीजांडाचा मेळ होतो आणि हजारो जनुकं एकदम मिसळतात. इथे नेमकं हवं ते जनुक प्रयोगशाळेत उचलून घातलेलं असतं.

या दोन्हींतली रेघ किती पुसट होऊ शकते, ते नारिंगी पिटुनियाने दाखवलं. पिटुनियाचं घराणं दक्षिण अमेरिकेतलं. एक पांढरी, रात्री सुवास सोडून पतंगांना बोलावणारी जात, आणि एक जांभळी, मधमाश्यांवर अवलंबून असलेली जात. 1830 च्या दशकात इंग्लंडमध्ये त्यांचे संकर झाले. या घराण्यात विटकरी-नारिंगी रंगद्रव्य तयार होत नाही, कारण त्यातलं एक विकर, म्हणजे रंगद्रव्य घडवायला लागणारं प्रथिन, त्या वाटेने कामच करत नाही. 1987 साली जर्मन संशोधकांनी मक्याचं जनुक घालून तो रंग मिळवला. ते झाड प्रयोगाबाहेर विकायला आलं नव्हतं. पण 2015 साली हेलसिंकीच्या रेल्वे स्थानकाबाहेरच्या कुंड्यांत एका वनस्पतिशास्त्रज्ञाला नारिंगी पिटुनिया दिसल्या, आणि हा रंग इथे आला कसा, म्हणून त्याने रोप तपासलं. आत मक्याचं जनुक निघालं. ती झाडं कुठल्या तरी टप्प्यावर नेहमीच्या पैदाशीत मिसळली होती आणि देशोदेशी विकली जात होती. 2017 साली फिनलंडने आणि पाठोपाठ अमेरिकेने ती बाजारातून मागे घ्यायला लावून नष्ट करवली. माणसाला किंवा निसर्गाला त्यांचा धोका असल्याचं कुणी म्हटलं नव्हतं. परवान्याचा प्रश्न होता.

रोप घेताना

चिठ्ठीवर शास्त्रीय नावाच्या मध्ये फुलीसारखी × खूण असेल तर तो दोन जातींचा संकर. एकेरी अवतरणचिन्हांतलं नाव हे वाणाचं. वाणाचं झाड कलमाने किंवा फांदीने वाढवलेलं असेल तर ते मूळ झाडाचाच तुकडा असतं, त्यामुळे फूल हुबेहूब मिळतं. डोळा भरलेल्या गुलाबात जोडाच्या खालून फुटवा आला आणि त्याची पानं वेगळी दिसली, तर तो खुंटाचा, म्हणजे ज्याच्यावर डोळा भरला त्या खालच्या झाडाचा असतो. तसाच राहू दिला तर वरचा गुलाब मागे पडतो आणि दोन-तीन हंगामांत झाडच ‘बदललं’ असं वाटायला लागतं.

एफ-1 पिटुनियाचा एखादा रंग फारच आवडला असेल तर बी राखण्यापेक्षा कोवळ्या, फूल नसलेल्या शेंड्याचा चार बोटांचा तुकडा ओलसर मातीत लावावा; मुळं सहज धरतात. मात्र वाण संरक्षित असेल तर अशी रोपं विकता येत नाहीत. बीच राखायचं असेल तर एकेरी झिनिया, कॉसमॉस किंवा तेरडा यांचे संकरित नसलेले वाण घ्यावेत. त्यातही झिनिया आणि कॉसमॉसचे दोन रंग शेजारी लावले की माश्या आपलं काम करतात आणि पुढच्या वर्षी तिसराच रंग उगवतो. तेरडा मात्र बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर बी धरतो, तेव्हा सुरुवात त्याच्यापासून केलेली सोपी.